न दिसलेलं झाड

दहिवलीच्या तात्यांची दोन्ही मुलं झाडांच्या मागे का लागली, हे कर्जतच्या वकील मंडळींना कधी उमगलं नाही. बापाची वकिली उत्तम चाललेली, घराखालीच ऑफिस, पायरीवर पक्षकार बसलेले. आणि मुलगा अनुपम खांद्याला झोळी अडकवून डोंगरात दगड फोडत हिंडायचा, तर मुलगी तनया पुण्याच्या प्रयोगशाळेत पानं कुटून त्यांच्यातला डीएनए काढायची.

"एक मेलेल्या झाडांची साक्ष काढतो, दुसरी जिवंत झाडांची," तात्या पाहुण्यांना सांगायचे. "दोघांच्या साक्षी जुळल्या की निकाल लावू."

त्या जुळायच्या नाहीत. अनुपमचा भरवसा आकारावर. पानाच्या शिरा, फळाची ठेवण, दगडात उमटलेला ठसा. तनया म्हणायची, "पानं फसवतात, दादा. सारखं ऊन, सारखा पाऊस मिळाला की परक्या कुळातली झाडंसुद्धा सारखी पानं धरतात. कोण कुणाचं ते रक्तच सांगणार."

"तुझं रक्त फक्त उरलेल्यांचं बोलतं," अनुपम म्हणायचा. "जे गेले त्यांच्या वतीनं कोण बोलणार?"

खालापूरकडे रस्त्यासाठी डोंगर कापला, तेव्हा त्याला तिथं ती पट्टी दिसली. काळ्या कातळाचे दोन जाड थर आणि त्यांच्या मध्ये हातभर रुंदीची राखाडी माती. एके काळी इथं लाव्हा वाहिला, थंडावला, त्यावर माती धरली, डबकी साचली, रान उभं राहिलं; आणि मग पुन्हा लाव्हा आला. मधल्या काळातलं रान त्या पट्टीत दाबून राहिलं. तेव्हा हा सगळा मुलूख मादागास्करपासून तुटून समुद्रातून एकटाच उत्तरेला सरकत होता. त्या पट्टीत अनुपमला पानांचे काही ठसे मिळाले आणि एका फळाच्या टोपीचा. टेंभुर्णीच्या फळाला देठाशी हिरवी चौपाकळी टोपी असते, तशीच. पण हिच्या कडांना झालरीसारख्या चुण्या होत्या. त्याला ठाऊक असलेल्या एकाही जिवंत टेंभुर्णीला अशी झालर नव्हती.

मग एका वैशाखात, भर दुपारी, त्याचा फोन आला.

"तनू, झालरवाली टोपी आत्ता माझ्या हातात आहे."

"आणखी एक ठसा?"

"ठसा नाही गं. ओली आहे. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर पडलेली मिळाली. झाड वर कड्याच्या काठावर आहे, दिसतंय मला."

तनया हसली होती. त्याचा उत्साह नेहमीच असा उतू जायचा. चारच दिवसांनी तो दोर घेऊन एकटा वर गेला आणि कड्यावरून कोसळला. शेळ्या वळायला गेलेल्या अंबाबाईला तो खालच्या घळीत सापडला. झोळी फाटून रिकामी झालेली, हातोडा दगडांत अडकलेला, शर्टाच्या खिशात पानांची एक छोटी पुडी.

पोलिसांनी वस्तू परत केल्या तेव्हा तनयाने ती पुडी घेतली आणि प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात ठेवून दिली. ती उघडायला तिचा हात होईना. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. सहकारी लग्न करून गेले, नवे आले, कपाट दोनदा बदललं. शेवटी मागल्या पावसाळ्यात, फार विचार न करता, एका सकाळी तिने पुडी फोडली. ओल शोषणाऱ्या दाण्यांत पानं कोरडी खडखडीत टिकली होती. वर अनुपमचं तिरपं अक्षर: कोंडाणे, कड्याच्या काठावर, मादी.

निकाल आला तो तिने आधी चूक म्हणून बाजूला ठेवला. पुन्हा केला. मग दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घेतला. टेंभुर्णीच्या सगळ्या जिवंत जाती वंशवृक्षावर एकमेकींना धरून, झुपक्यानं येतात. ही त्या झुपक्यात नव्हती. सगळ्या जाती एकमेकींपासून वेगळ्या व्हायच्याही आधी तिची फांदी फुटली होती आणि तिथून आजपर्यंत, कोट्यवधी वर्षं, ती एकटीच सरळ चालत आली होती. वाटेत कुणी भेटलं नाही, कुणी उरलं नाही. पडद्यावरच्या त्या लांबलचक रेषेवरून तनयाने बोट फिरवलं. दगडाची साक्ष आणि रक्ताची साक्ष जुळली होती, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं. तात्यांजवळ ती अनुपमचं नाव काढत नसे. तेही काढत नसत.

मार्गशीर्षात ती कोंडाण्याला गेली. अंबाबाईचा मुलगा हिरामण लेणी बघायला येणाऱ्यांना वाट दाखवायचा, एरवी टेंपो चालवायचा. तो तिला आडवाटेनं वर घेऊन गेला. कड्याच्या काठाशी पोचल्यावर तो थांबला आणि त्याने नुसतंच बोट दाखवलं.

झाड नव्हतं. काठच नव्हता. कड्याचा एक तुकडा चिरल्यासारखा तुटून गेला होता आणि खाली लाल मातीचा ओरखडा उतरला होता.

"सायब गेले त्याच्या म्होरल्या पावसात दरड आली," हिरामण म्हणाला. "झाड संगट घेऊन गेली."

तनया तिथंच खाली बसली. लाव्ह्यातून वाचलेलं झाड एका पावसानं नेलं होतं.

हिरामणने पाण्याची बाटली पुढे केली. मग तो म्हणाला, "मॅडम, एक काम व्हतं तुमच्याकडं. वाईट वाटून घेऊ नका."

"सांगा ना."

"खाली ती घळ हाय ना, जितं सायब... तितं कुनी जात नाय. गाववाले म्हनतात, सायब अजून हाय तितं. दुपारचा हातोडा वाजतो म्हनं. आता कळंबचा एक पार्टीवाला हाय, त्याला घळीच्या तोंडाशी तंबू टाकायचेत, पावन्यांसाठी. मला कायमचं काम द्यायला तयार हाय. पन साफसफाईला एक मानूस यायला तयार नाय. तुमी सायबाची बहीन. शिकलेल्या. तुमी गावात एकदा सांगितलंत का तितं काय नाय, तर ऐकतील."

"तुम्हाला काय वाटतं? आहे तिथं काही?"

हिरामणने मान फिरवली. "मी नाय मानत. पन मी जात बी नाय."

तनयाला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. ती म्हणाली, "मी बघून येते. मग सांगते."

उतरताना वाटेत अंबाबाई भेटली. तनया घळीकडे निघाली आहे हे कळताच तिनं हातातली काठी आडवी धरली.

"नको जाऊस गं बाय. त्याला आपल्या मानसाची वढ लागंल."

"अंबाबाई, हातोडा वाजतो म्हणता, तो तांबट असेल. तांबट पक्षी असाच टकटक करतो."

"तांबट का आमी आयकला नाय?" अंबाबाई म्हणाली. तिला राग आला नव्हता. काळजी वाटत होती. "तांबट सारका वाजतो. ह्यो थांबून वाजतो. बघून बघून मारल्यावानी."

घळीत तनया एकटीच गेली. दुपार कलायला लागली होती, पण ऊन खालपर्यंत पोचलं नव्हतं. गवत छातीला लागत होतं. दरडीचे दगड एका बाजूला सरकून पडलेले, दुसरी बाजू जशीच्या तशी. गावाच्या इतक्या जवळ असं न तुडवलेलं रान तिने पाहिलं नव्हतं. शेळीचं तोंड नाही, कोयत्याचा घाव नाही. माणसांच्या भीतीनं त्या जागेला कुंपण घातलं होतं.

जिथं अनुपम सापडला तो सपाट दगड तिला पोलिसांच्या फोटोवरून ओळखता आला. तिने त्याच्यावर हात ठेवला. मग बाजूला बघितलं.

दगडाच्या उताराच्या बाजूला रोपं उभी होती. कमरेएवढी, काळसर खोडाची, चकचकीत पानांची. एकाच्या आडोशानं दुसरं, फाटक्या झोळीतून काही सांडत जावं तशी खाली ओळ धरून गेलेली. तिने पान उलटं करून शिरा पाहिल्या. शिरा कडेपर्यंत न जाता आतच वळून एकमेकींना मिळत होत्या. पुडीतल्या पानांसारख्या, आणि खालापूरच्या राखाडी पट्टीत अनुपमने दाखवलेल्या पानांच्या ठशांसारख्या.

तो वरून रिकाम्या झोळीनं आलाच नव्हता. फळं काढून घेऊन आला होता.

तनया गुडघ्यांवर बसून रडली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि रडणं ओसरून ती डोळे पुसत असताना वरून आवाज आला. टक. टक. मग थांबा. इतका लांब की तिला वाटलं, संपलं. मग पुन्हा एक, हलकासा. लहानपणी नदीच्या पात्रात ती अनुपमबरोबर जायची तेव्हा तो असंच करायचा. दोन घाव घालून दगड कानाशी धरायचा, ऐकायचा आणि मग जपून तिसरा.

ती हलली नाही. मान वर करून बघायचं तिला धाडस झालं नाही. आवाज परत आला नाही. थोड्या वेळानं तिने प्रत्येक रोपाचं एकेक पान खुडून पाकिटांत भरलं, नीट खुणा केल्या आणि मागे न बघता ती बाहेर आली.

गावाच्या तोंडाशी अंबाबाई, आणखी दोघी बायका आणि हिरामण वाट बघत उभे होते. हिरामणच्या चेहऱ्यावर आशा होती. तनयाला ती स्पष्ट दिसली.

"काय मॅडम? काय नाय ना तितं?"

तंबू आले की गवत कापलं जाणार, मागोमाग शेळ्या येणार, आणि पहिल्याच आठवड्यात ती रोपं काटक्या म्हणून शेकोटीत जाणार. झाडं दुर्मीळ आहेत असं सांगावं, तर कागद निघून कुंपण होईपर्यंत त्यातलं एकही उरणार नाही. हे सगळं तिच्या मनात एका क्षणात उभं राहिलं.

"आहे," ती म्हणाली. "मी पाहिला त्याला."

बायकांनी पदर तोंडाशी नेले. अंबाबाईने डोळे मिटून कपाळाला हात लावला. हिरामण तिच्याकडे बघत राहिला आणि मग टेंपोकडे गेला. स्टेशनपर्यंत त्याने तिला सोडलं आणि लगेच टेंपो वळवला.

पुण्यात तिने रोपांच्या पानांचं काम हाती घेतलं. टेंभुर्णीच्या कुळात बहुतेक नर झाड वेगळं असतं आणि मादी वेगळी, आणि फुलं येईपर्यंत कोण काय ते कळत नाही. रोपांच्या डीएनएतला अर्धा वाटा आईचा, अर्धा बापाचा. आईची पानं पुडीत होतीच. तिचा वाटा बरोबर जुळला. उरलेला अर्धा मात्र कुणाशीच जुळेना. तो सगळ्या रोपांत एकाच झाडाकडून आला होता. म्हणजे त्या कड्यावर, आईपर्यंत परागकण आणणाऱ्या किड्याला उडत येता येईल इतक्या अंतरावर, एक नर झाड होतं. कदाचित अजून होतं. कुणी ते पाहिलं नव्हतं. अनुपमनेसुद्धा नाही, पाहिलं असतं तर त्याने फोनवर ओरडून सांगितलं असतं.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. ते सांगण्याआधी कोंडाण्याची गोष्ट दहिवलीला पोचली.

अंबाबाई कर्जतच्या बाजारात करवंदाचं लोणचं आणि रानभाज्या विकायला यायची. तिनं तात्यांना रस्त्यात गाठून, हात जोडून, तुमच्या लेकीला लेक दिसला असं सांगितलं. माघात तनया घरी आली तेव्हा तात्या झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी तिला समोर बसायला सांगितलं. जेवणाचं विचारलं नाही.

"तू अनुपमला पाहिलंस."

तनयाने मान खाली घातली. खरं सांगावं असं तिला वाटलं. पण तात्यांचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. कोर्टातला आवाज होता तो, पण त्याच्या खालची जमीन गेली होती.

"हो."

"कुठे उभा होता?"

"दगडापाशी."

"तुझ्याकडे तोंड करून?"

"नाही. पाठमोरा."

"अंगात काय होतं?"

"तो निळा शर्ट. बाह्या दुमडलेल्या."

"हातोडा कुठल्या हातात?"

"डाव्या."

अनुपम डावखुरा होता. तात्यांनी झोपाळा पायाने थांबवला. तनयाला वाटलं, आता ते म्हणतील, तू खोटं बोलतेस. माणूस खोटं बोलायला लागला की त्याच्या मानेवरून ओळखू येतं, असं ते नेहमी म्हणत. ते तिच्या मानेकडेच बघत होते.

"मला घेऊन चल," ते म्हणाले.

"तात्या, चढ आहे, दगड आहेत. तुमचे गुडघे..."

"घेऊन चल, तनू."

तिने हिरामणला फोन केला. तो आला. कळंबच्या माणसाने तंबूंसाठी आपल्याच गावाजवळ दुसरी जागा बघितली होती आणि तिथलाच एक मुलगा कामाला ठेवला होता. हिरामणने ते सांगितलं, त्यात तक्रार नव्हती, पण तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याने तात्यांना जवळजवळ उचलूनच दगडांवरून पार केलं आणि घळीच्या तोंडाशी आणून सोडलं. पुढे तो आला नाही.

तात्या त्या सपाट दगडावर बसले. रोपांकडे त्यांनी पाहिलं की नाही, तनयाला कळलं नाही. तिने त्यांना रोपांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. आपण का खोटं बोललो तेही सांगितलं नव्हतं. ती थोडी दूर उभी राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. मग तात्या बोलायला लागले. हळू, रोजच्या आवाजात. घराचा पुढचा भाग रंगवला. काविळीत सदू वकील गेले. नदीला मागे पाणी आलं होतं, पायरीपर्यंत. एकेक वाक्य बोलून ते थांबत होते, कान देत होते, मान हलवत होते आणि मग पुढचं बोलत होते. ज्या ठिकाणी ते थांबत, तिथं समोरच्या माणसाच्या उत्तराला पुरेल एवढीच जागा असायची. जास्त नाही, कमी नाही.  ही गोष्ट तिने रचली होती, आणि आता तिच्या डोळ्यांदेखत तिच्यात कुणीतरी राहायला आलं होतं.

शेवटी तात्यांनी हाक मारली. "तनू, हा माझ्याकडे बघतच नाही गं."

"तात्या, चला आता."

"सारखा वर बघतोय. त्या तिकडे." त्यांनी काठी उचलून कड्याकडे दाखवलं. दरडीच्या ओरखड्याकडे नाही. त्याच्या बरंच उजवीकडे, जिथं एक अरुंद कपार आडवी गेली होती. "काय आहे तिथं?"

"काही नाही," तनया म्हणाली. तिने कपारीची जागा मनात टिपून ठेवली.

 घरी आल्यावर तात्या दोन घास जास्त जेवले. झोपायला जाताना म्हणाले, "तू जे काही केलंस, ते कशासाठी केलंस हे मी विचारणार नाही. पण मला परत जायचंय." त्यानंतर ते दर महिन्याला जायला लागले. हिरामण त्यांना नेतो, आणतो. त्याला काही द्यायला गेलं तर चहा तेवढा घेतो. तात्या घळीत काय बोलतात ते तो ऐकत नाही, असं म्हणतो.

चैत्रात तनया पुन्हा आली. तिने हिरामणला पहिल्यांदाच घळीच्या आत नेलं, आधी रोपं दाखवली आणि मग सगळं सांगितलं: त्या दिवशी आपल्याला काहीच दिसलं नव्हतं; आपण खोटं बोललो; का बोललो; त्याचं काम त्यात गेलं हे आपल्याला तेव्हाच माहीत होतं; आणि तात्यांनी काठीने दाखवलेल्या कपारीत कदाचित नर झाड असेल.

हिरामणने रोपाच्या पानावरून अंगठा फिरवला. "मला तवाच सांगायला पायजे व्हतं."

"हो."

"आता गावात सांगू का, खोटं व्हतं म्हनून?"

"तुम्ही म्हणाल तसं."

त्याने तात्या बसतात त्या दगडाकडे पाहिलं. "नको," तो म्हणाला. "तात्यांचं काय व्हईल मग?" आणि मग, जरा घुश्शातच, "कपार बघायची हाय ना तुमाला? चला. ऊन चढायच्या आत."

आडव्या कपारीपर्यंत जायला पायवाट नव्हती. हिरामण पुढे, कंबरेला दोर, तनया मागे. घामानं डोळे चुरचुरत होते. कपार आत जेमतेम दोन माणसं बसतील एवढी निघाली. झाड नव्हतं. वर सरळ कातळ, इतका ताठ की मान मागे टाकूनही त्याचा माथा दिसेना. तनया कातळाला टेकून बसली. तिला वाटलं, एका म्हाताऱ्या माणसाच्या काठीच्या टोकामागे आपण इतक्या वर आलो.

"मॅडम," हिरामण हळूच म्हणाला.

त्याच्या पायाशी, कातळाच्या खळग्यात, फुलं पडली होती. लहान, पिवळसर पांढरी, मडक्याच्या आकाराची. तिने एक उचलून नखाने उघडलं. आत परागाच्या काड्या गच्च भरलेल्या, आणि मधोमध, जिथं फळ धरतं तिथं, काहीच नाही. नर फूल होतं. देठ अजून ओला होता.

तिने ते हिरामणच्या तळहातावर ठेवलं. दोघांनी वर पाहिलं. कातळ, आकाश, आणि दुसरं काही नाही. वारा पडलेला होता. खालून गावातला कसलाच आवाज इथवर येत नव्हता.

तेवढ्यात वरून आणखी एक फूल आलं. गिरक्या न घेता, सरळ, कुणी जपून हातातून सोडावं तसं, आणि तनयाच्या मांडीवर पडलं.

हिरामणने गळ्यातला पंचा काढला, झटकला, आणि पुढच्या फुलासाठी कातळावर पसरून तो तिच्या शेजारी बसला.